एकट्याने टस्कनी आणि उंब्रिया, आणि तिथून पुढे रेल्वेने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्य इटलीतल्या टस्कनी आणि उंब्रिया या शेजारी प्रांतांत एकट्याने, शक्यतो गाडी न चालवता हिंडायचे आणि मग आगगाडीने स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया किंवा सिसिलीकडे जायचे, असा बेत आखणाऱ्या मराठी प्रवाशांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; जिथे दोन प्रश्न एकमेकांत गुंततात तिथे क्रमांक दिला आहे.

१. इटलीच्या खेड्यापाड्यांत गाडी न चालवता, फक्त रेल्वे आणि बसने एकट्याने फिरणे खरोखर जमते का?

जमते, मात्र त्यासाठी त्या प्रदेशाची ठेवण आधी समजून घ्यावी लागते. इथली जुनी गावे संरक्षणासाठी टेकड्यांच्या माथ्यावर वसली आहेत आणि त्यांपैकी काही तर रोमनांच्याही आधीची, एट्रुस्कन काळातली आहेत. रेल्वे आली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तिने नद्यांच्या खोऱ्यांतली सपाट वाट धरली. त्यामुळे गाव वर आणि स्थानक खाली, ही स्थिती जवळजवळ सगळीकडे आढळते. मुख्य मार्गांवर गाड्या पुरेशा आहेत. अडते ते स्थानकापासून गावापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याशी, आणि त्यातही संध्याकाळच्या शेवटच्या बसपाशी. म्हणून दिवसाचा बेत परतीच्या शेवटच्या बसपासून सुरू करून मागे सकाळपर्यंत आखत यावा. सोबत कोणी असेल तर बस चुकल्यावर टॅक्सीचे भाडे वाटून घेता येते. एकट्याला ते सगळे एकट्यानेच भरावे लागते, आणि लहान गावांत रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी मिळत नाही, ती फोन करूनच बोलवावी लागते.

२. मुक्काम कुठे करावा? रोज नवे गाव करावे की एकाच ठिकाणी राहावे?

रोज सामान उचलून नवे गाव गाठणे एकट्या माणसाला फार थकवते. रेल्वेस्थानक असलेली दोन गावे निवडावीत, प्रत्येकात तीन-चार रात्री राहावे आणि पाठीवर हलकी पिशवी घेऊन दिवसभर फिरून यावे, असे आमचे मत आहे.

या दृष्टीने फ्लोरेन्स ते फोलिन्यो हा रेल्वेमार्ग अतिशय उपयोगी आहे. अरेत्सो, कोर्तोनाजवळची कामुचा आणि तेरोन्तोला ही स्थानके, त्रासिमेनो सरोवराचा काठ, पेरुजा, असिसी आणि स्पेल्लो ही सगळी ठिकाणे या एका मार्गावर येतात. टस्कनीतल्या मुक्कामासाठी अरेत्सो आम्हाला सर्वांत योग्य वाटते: स्थानकापासून जुन्या गावात चालत जाता येते, सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये पिएरो देला फ्रान्चेस्का या जुन्या नामवंत चित्रकाराची भित्तिचित्रे आहेत आणि तिथून रोमच्या दिशेने जाणाऱ्या गाड्याही मिळतात. मात्र दर महिन्याचा पहिला रविवार आणि त्याच्या आदल्या दिवशीचा शनिवार टाळावा, कारण त्या दोन दिवशी गावात जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो आणि खोल्या मिळणे कठीण होते. उंब्रियात स्पेल्लो किंवा फोलिन्यो निवडावे. स्पेल्लो दिसायला कितीतरी सुंदर आहे. फोलिन्यो सपाटीवरचे जंक्शन असल्यामुळे तिथून स्पोलेतो आणि रोमकडेही जाता येते. जड सामान असेल तर फोलिन्योच बरे.

३. स्थानकावर उतरल्यावर टेकडीवरच्या गावात कसे पोहोचायचे?

प्रत्येक गावाची तऱ्हा निराळी आहे. ओर्व्हिएतोला स्थानकाच्या समोरच केबलवर चालणारी रेल्वे आहे आणि ती काही मिनिटांत कड्यावरच्या गावात नेऊन सोडते; १८८८ साली ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालत असे. पेरुजाला स्थानकाजवळून मिनीमेत्रो नावाची लहान स्वयंचलित गाडी वर जाते. सिएनाला स्थानकासमोरच्या बाजारसंकुलातून सरकत्या जिन्यांची लांब मालिका आहे, जिच्यामुळे चढ जवळपास चढावाच लागत नाही. असिसीचे स्थानक मात्र गावात नसून खालच्या सांता मारिया देल्यी आंजेली या वस्तीत आहे. तिथून बस मिळते. कोर्तोनासाठी कामुचाला उतरून बस घ्यावी. स्पेल्लोला स्थानकापासून वेशीपर्यंत पायी जाता येते.

गावातली बस असेल तर तिचे तिकीट स्थानकावरच्या वर्तमानपत्रांच्या दुकानातून किंवा तबाक्की म्हणजे तंबाखूच्या दुकानातून आधीच घ्यावे, आणि परतीचेही त्याच वेळी घ्यावे, कारण वरची दुकाने दुपारी साधारण एक ते साडेतीन बंद असतात.

४. पिएन्झा, सान जिमिन्यानो आणि वाल दोर्चा इथे रेल्वे जात नाही. मग ती सोडून द्यावीत का?

सोडू नयेत, पण त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. सान जिमिन्यानोसाठी पोज्जिबोन्सीपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने जाता येते, त्यामुळे ते सोपे आहे. पिएन्झा, मोन्तेपुलचानो, मोन्ताल्चिनो आणि सान क्विरिको दोर्चा यांच्यासाठी सिएनाहून बस घ्यावी. मोन्तेपुलचानो नावाचे एक रेल्वेस्थानक नकाशावर दिसते, परंतु ते गावापासून बरेच दूर आहे, त्याच्या भरवशावर जाऊ नये.

२००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेले वाल दोर्चाचे खोरे, म्हणजे सरूच्या झाडांच्या रांगा आणि मऊ वळणांच्या टेकड्यांचा तो सुप्रसिद्ध देखावा, बसच्या खिडकीतूनही पाहण्यासारखा आहे. बसच्या वेळापत्रकातले दोन शब्द मात्र ओळखता आलेच पाहिजेत. ‘फेरियाले’ म्हणजे शनिवार धरून कामाचे दिवस आणि ‘फेस्तिव्हो’ म्हणजे रविवार व सुट्ट्या. यांखेरीज काही फेऱ्या फक्त शाळा चालू असताना धावतात, त्यांच्यापुढे ‘स्कोलास्तिको’ असे लिहिलेले असते; जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्या नसतात. रविवारी या भागात बसने जाण्याचा बेत आखूच नये. तो दिवस रेल्वेच्या मार्गावरच्या गावासाठी ठेवावा.

५. शेतघरात, म्हणजे अग्रितुरिस्मोमध्ये, गाडीशिवाय राहता येईल का?

बहुतेक वेळा नाही. ही शेतघरे कायद्यानेच चालत्या शेतीशी जोडलेली असतात, आणि त्यामुळे ती गावाबाहेर, कच्च्या पांढऱ्या रस्त्याच्या टोकाला असतात. जवळ दुकान नसते, बस नसते आणि रात्री दिवेही नसतात. अनेक ठिकाणी किमान दोन-तीन रात्रींची अट असते आणि खोलीचे भाडे दोघांना धरून लावलेले असते. तरीही तिथे राहण्याची ओढ असेल, तर आरक्षणापूर्वी दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: स्थानकावरून न्यायला कोणी येईल का, आणि रात्रीचे जेवण तिथेच मिळेल का. दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले तर जरूर जावे. शेतातच पिकलेल्या वस्तूंचे जेवण घरच्यांच्या शेजारी बसून जेवणे हा एकट्या प्रवाशाला मिळणारा फार मोठा आनंद आहे.

६. मग गाडी भाड्याने घेणे वाईट का?

वाईट नाही, पण एकट्याने अनोळखी घाटरस्ते चालवणे, उजव्या बाजूच्या वाहतुकीची सवय करणे आणि पाट्या वाचणे हे सगळे एकाच वेळी करावे लागते. जवळजवळ प्रत्येक जुन्या गावात ‘झेडटीएल’ ही बाहेरच्या वाहनांना मज्जाव असलेली हद्द असते. तिच्यावर कॅमेरे असतात आणि दंडाची नोटीस गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत कित्येक महिन्यांनी घरी पोहोचते. भारतीय परवान्याबरोबर आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय वाहनपरवानाही जवळ लागतो. केवळ वाल दोर्चासाठी एक-दोन दिवस गाडी घ्यावी आणि बाकी सर्व प्रवास रेल्वेने करावा, ही तडजोड उत्तम आहे.

७. कोणत्या महिन्यात जावे?

मे आणि सप्टेंबर उत्तरार्ध ते ऑक्टोबर मध्य. मेमध्ये शेतांत हिरवाई आणि तांबडी पॉपीची फुले असतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांची तोडणी चालू असते. सूर्यफुले पाहायची असतील तर जून अखेर ते जुलै, पण मग उन्हाचा कडाका सोसावा लागतो. १५ ऑगस्टच्या आसपास निम्मी इटली सुट्टीवर असते, त्यामुळे समुद्राकडे जाणाऱ्या गाड्या भरलेल्या आणि गावातली दुकाने बंद, असे दोन्हीकडून अडते. सिएनाला २ जुलै आणि १६ ऑगस्ट या पालिओच्या घोडदौडीच्या दिवशी जायचे असल्यास खोली फार आधी घ्यावी.

८. रेल्वेची तिकिटे भारतातूनच काढून ठेवावीत का?

वेगवान गाड्यांची काढावीत, प्रादेशिक गाड्यांची काढण्याची घाई करू नये. फ्रेचारोसा आणि खासगी कंपनीची इतालो या गाड्यांत आसन ठरलेले असते आणि तिकीट जितक्या आधी काढावे तितके स्वस्त पडते. मात्र सर्वांत स्वस्त तिकीट बदलता किंवा परत करता येत नाही. याउलट ‘रेजोनाले’ आणि ‘रेजोनाले वेलोचे’ या प्रादेशिक गाड्यांचे दर अंतरावर ठरलेले असतात, त्यात आसन राखीव नसते आणि आयत्या वेळीही तिकीट त्याच किमतीला मिळते.

फ्लोरेन्सहून रोमला फ्रेचारोसा सुमारे दीड तासात पोहोचवते, पण तिचा बराचसा मार्ग बोगद्यांतून जातो. त्याच प्रवासाला अरेत्सो, कियुसी, ओर्व्हिएतो या मार्गाने जाणारी प्रादेशिक गाडी दुपटीहून अधिक वेळ घेते, पण संपूर्ण खोरे दाखवते. हातात अर्धा दिवस असेल तर हळू गाडीच निवडावी, असा आमचा आग्रह आहे.

९. तिकिटावर शिक्का मारावा लागतो म्हणतात, तो कोणत्या तिकिटावर?

प्रादेशिक गाडीच्या कागदी तिकिटावर. फलाटाजवळच्या लहान यंत्रात तिकीट सरकवून गाडीत बसण्यापूर्वी वेळ छापून घ्यावी लागते. तिथून चार तास ते चालते. मोबाइलवर काढलेल्या प्रादेशिक तिकिटाला शिक्का नसतो, पण गाडीत चढण्यापूर्वी अॅपमध्ये चेक-इन करणे तितकेच बंधनकारक आहे. यंत्र बिघडलेले असेल तर तिकिटावर पेनाने तारीख, वेळ आणि स्थानकाचे नाव लिहावे आणि आपणहून तिकीट तपासनिसाला गाठावे. फ्रेचारोसा, इतालो आणि इंटरसिटी यांच्या तिकिटांवर गाडी, तारीख व आसन छापलेले असते, त्यांना यातले काहीच लागू नाही.

१०. युरेल पास, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या रेल्वेवर चालणारा पास, घेतला तर स्वस्त पडेल का?

केवळ इटलीसाठी नाही. प्रादेशिक गाड्या मुळातच स्वस्त आहेत, फ्रेचारोसात पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे द्यावे लागतात, आणि इतालोवर पास चालत नाही. इटलीनंतर स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनी असा लांबचा प्रवास असेल तरच हिशेब करून पाहावा.

११. एकट्या स्त्रीने या भागात फिरणे सुरक्षित आहे का?

टस्कनी आणि उंब्रियाच्या लहान गावांत एकट्या प्रवासी स्त्रिया नेहमी दिसतात, आणि संध्याकाळी सगळे गाव चौकात फेरफटका मारायला उतरते तेव्हा त्या गर्दीत निश्चिंतपणे वावरता येते. लहान स्थानकांवर मात्र अंधार पडल्यावर कर्मचारी नसतात, प्रतीक्षालय बंद होते आणि स्थानकाबाहेर चिटपाखरू नसते. त्यामुळे नव्या गावात दिवसाउजेडीच पोहोचावे. रोम, फ्लोरेन्स आणि मिलानच्या मोठ्या स्थानकांवर खिसेकापूंची आणि तिकीटयंत्रापाशी ‘मदत’ करायला पुढे येणाऱ्यांची काळजी घ्यावी. आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे. पाठलाग किंवा छळ होत असल्यास १५२२ या स्त्रियांसाठीच्या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मदत मिळते. रात्रीच्या गाडीतल्या सोयीसाठी प्र. १५ पाहा.

१२. मी शाकाहारी आहे. खेड्यात खायला काय मिळेल? आणि एकट्याला टेबल देतात का?

टस्कनीचे शेतकरी-जेवण मुळातच डाळी, भाज्या आणि शिळ्या पावावर उभे आहे, त्यामुळे उपाशी राहण्याची वेळ येत नाही. टोमॅटो व पावाचे पाप्पा आल पोमोदोरो, उन्हाळ्यातली पावाची थंड कोशिंबीर पान्झानेल्ला, सिएनाकडचा जाड हातवळा पास्ता पिची आणि उंब्रियातला, ट्रफल ही सुगंधी अळंबी घातलेला पास्ता स्त्रांगोत्सी हे पदार्थ आठवणीत ठेवावेत. रिबोल्लिता हे घेवड्याचे व कोबीचे दाट सूप शाकाहारी दिसते, पण काही स्वयंपाकघरांत त्यात मांसाचा रस्सा वापरतात, म्हणून विचारूनच घ्यावे. जे अंडी खात नाहीत त्यांनी ताजा ताल्यातेल्ले पास्ता टाळावा, तो अंड्याचा असतो. पिची बहुधा पीठ आणि पाण्याचीच असते. पार्मेजानो चीज जनावरांच्या रेनेटपासून, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणासारख्या पदार्थापासून, होते, पेकोरिनोही बहुतेक तसेच. जैन प्रवाशांनी कांदा-लसूण नको असल्याचे इटालियनमध्ये लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे, कारण लसूण इथे मोजूनमापून घालत नाहीत. अल्योने नावाची पिचीची सुप्रसिद्ध चटणी तर टोमॅटो आणि भरपूर लसणाचीच असते.

एकट्याला टेबल नक्की देतात. रात्रीचे जेवण साडेसातच्या आधी सुरू होत नाही. सुरुवातीलाच जाऊन बसल्यास जागा मिळतेच. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ नावाची छोटी रक्कम लावलेली असते, ती नेहमीची आहे.

१३. पायी चालत खेडी पाहायची आहेत. एकट्याने कोणता मार्ग धरावा?

विया फ्रांचीजेना. इंग्लंडमधल्या कँटरबरीहून रोमला जाणारा हा जुना यात्रामार्ग आहे. कँटरबरीचे आर्चबिशप सिजेरिक इ.स. ९९० मध्ये रोमहून या वाटेने परतले आणि त्यांच्या मुक्कामांची नोंद आजही उपलब्ध आहे. मोन्तेरिज्जोनी ते सिएना हा सुमारे वीस किलोमीटरचा टप्पा एका दिवसात होतो, आणि सिएनाहून पुढे सान क्विरिको दोर्चाकडे जाणाऱ्या टप्प्यांत मोकळ्या टेकड्या आहेत. खुणा चांगल्या आहेत, सावली मात्र फार थोडी आहे. पाणी ‘आक्वा पोताबिले’ असे लिहिलेल्या नळावरच भरावे. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेर शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा रानवाटेने चालताना भडक रंगाचे कपडे घालावेत. मेंढ्यांच्या कळपाबरोबर मोठे पांढरे राखणकुत्रे दिसले तर कळपातून न जाता दूरून वळसा घ्यावा.

१४. यशवंत घाडगे यांचे स्मारक उंब्रियात आहे असे ऐकले. तिथे रेल्वेने जाता येते का?

हो, स्मारक आहे. मराठी माणसाने उंब्रियात जाऊन ते न पाहता परतू नये असे आम्हाला मनापासून वाटते. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, सैन्यात नाईक हुद्द्यावर असलेले यशवंत घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सर्व जण मशीनगनच्या माऱ्यात ठार किंवा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्याने त्या ठाण्यावर चाल करून ते मोडून काढले, आणि तिथेच त्यांना गोळ्या लागून वीरमरण आले. त्यांचे वय तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मरणोत्तर मिळाला. पेरुजा प्रांतातल्या मोन्तोने गावात जुलै २०२३ मध्ये त्यांचे सूर्यघड्याळाच्या रूपातले स्मारक उभे राहिले. रोमच्या दक्षिणेकडच्या कसिनो इथल्या युद्धस्मारकाच्या भिंतीवरही त्यांचे नाव आहे.

मोन्तोनेला स्थानक नाही. पेरुजाहून टायबरच्या खोऱ्यातल्या रेल्वेने उंबेर्तिदेपर्यंत जावे आणि तिथून टेकडीवरच्या मोन्तोनेसाठी बस किंवा टॅक्सी घ्यावी. ही खोऱ्यातली लहान रेल्वे मुख्य जाळ्यापासून वेगळी आहे आणि काही टप्प्यांवर तिच्याऐवजी बस धावते, म्हणून आदल्या दिवशी पेरुजातच वेळा विचाराव्यात. पुढे उत्तरेकडे जाताना बोलोन्या ते रिमिनी या मार्गावरच्या फोर्लीला उतरल्यास भारतीय सैनिकांची युद्धस्मशानभूमी आणि दहन झालेल्या जवानांचे स्मारकही पाहता येते. त्याच मार्गावरच्या फाएन्झाजवळून वाहणाऱ्या सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला.

१५. इथून पुढे रेल्वेने कुठे कुठे जाता येते?

स्वित्झर्लंडसाठी फ्लोरेन्सहून मिलानला यावे. वेगवान गाडीने सुमारे दोन तास लागतात. मिलान ते झुरिक थेट गाडी २०१६ मध्ये खुल्या झालेल्या, ५७ किलोमीटर लांबीच्या गोटहार्ड बोगद्यातून जाते. ज्यांना डोंगर पाहायचे आहेत त्यांनी मात्र मिलानहून तिरानोची प्रादेशिक गाडी धरावी, कोमो सरोवर दिसावे म्हणून डावीकडे बसावे, आणि तिरानोहून २,२५३ मीटर उंचीवरची बर्निना खिंड ओलांडून सांक्ट मोरिट्झला जावे. काचेच्या छताच्या बर्निना एक्सप्रेसला आरक्षण सक्तीचे आहे. त्याच रुळांवरून धावणाऱ्या साध्या गाड्यांना ते लागत नाही, त्यांच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात आणि वाटेत उतरताही येते. आम्ही साधी गाडीच सुचवू.

ऑस्ट्रिया आणि जर्मनीसाठी व्हेरोनाहून ब्रेनर खिंडीतून इन्सब्रुक आणि म्युनिकला दिवसाच्या गाड्या आहेत. रोमहून फ्लोरेन्स-बोलोन्यामार्गे व्हिएन्ना व म्युनिकला जाणारी नाइटजेट ही रात्रगाडी आहे, जिच्यात स्त्रियांसाठी राखीव कक्ष मागता येतो. फ्लोरेन्समध्ये एकाहून अधिक स्थानके असल्यामुळे गाडी सांता मारिया नोव्हेल्लाहून सुटते की काम्पो दी मार्तेहून, हे तिकिटावर पाहून घ्यावे. पॅरिसकडचा आल्प्समधला मार्ग २०२३ च्या दरड कोसळण्यानंतर बंद होता, तो मार्च २०२५ अखेर पुन्हा सुरू झाला.

दक्षिणेकडे जाणाऱ्यांसाठी रोम ते सिसिली रात्रगाडी हा अनुभव वेगळाच आहे. व्हिला सान जोव्हान्नीला गाडीचे डबे वेगळे करून ते जहाजात चढवतात आणि मेसिनाच्या सामुद्रधुनीपलीकडे पुन्हा रुळांवर आणतात.

१६. संप झाला तर काय करावे?

इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, म्हणून ‘शोपेरो’ हा शब्द आणि तारीख वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आठवडाभर आधी तपासावी. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडणे बंधनकारक आहे. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी हे संरक्षण नाही. बसच्या हमीच्या वेळा शहरागणिक वेगळ्या असतात. विमान गाठायचे असेल तर आदल्या रात्रीच त्या शहरात पोहोचावे.

१७. व्हिसासाठी एकट्या प्रवाशाला काय लागते?

शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, अल्पमुदतीचा व्हिसा. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांचे अर्ज मुंबईतल्या इटलीच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. शुल्क प्रौढांना ९० युरो असून अर्जकेंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा द्यावा, आणि पैशांची कागदपत्रे शक्यतो स्वतःच्या नावावरची असावीत. शेंगेन क्षेत्रात १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. आगमनाचा आणि प्रस्थानाचा दिवसही मोजला जातो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे व छायाचित्र घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्या विमानतळावर पुढच्या गाडीसाठी जास्तीचा वेळ ठेवावा.

१८. पाच रात्री इटलीत आणि पाच रात्री स्वित्झर्लंडमध्ये असा बेत आहे. अर्ज कोणाकडे करायचा? आणि रेल्वेने सीमा ओलांडताना तपासणी होते का?

जिथे अधिक दिवस राहायचे त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. दिवस समान असतील तर जिथून शेंगेनमध्ये प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे. समान दिवस आणि त्यात एखादी रात्रगाडी असा गुंता अर्जात ठेवूच नये. एका देशात स्पष्टपणे एक-दोन रात्री अधिक घालाव्यात.

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असल्यामुळे तोच व्हिसा चालतो, पण तो देश युरोपीय संघात नसल्याने कियास्सो या सीमेवरच्या स्थानकात सीमाशुल्काची आणि कधीकधी कागदपत्रांची तपासणी होते. पारपत्र सामानात खाली न ठेवता अंगावर ठेवावे. चलन तिथे फ्रँक आहे. मधेच लंडनला जाऊन पुन्हा शेंगेनमध्ये परतायचे असेल तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा आणि शेंगेनचा बहुप्रवेश व्हिसा, दोन्ही लागतात.

१९. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे पुढची चुकली तर तिकीट वाया जाते का?

दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पुढच्या गाडीने पोहोचवण्याची जबाबदारी रेल्वेची असते. तपासनिसाकडून किंवा स्थानकावरच्या कक्षातून उशिराची नोंद करून घ्यावी. युरोपीय संघाच्या नियमानुसार ६० ते ११९ मिनिटांच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि त्याहून अधिक उशिराला ५० टक्के भरपाई मागता येते. दोन टप्प्यांची तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील, उदाहरणार्थ अरेत्सोहून फ्लोरेन्सपर्यंत प्रादेशिक आणि पुढे स्वस्तातली इतालो, तर मात्र हा आधार मिळत नाही. अशा वेळी मधे किमान एक तास ठेवावा, आणि पुढची गाडी दुसऱ्या देशात जाणारी किंवा दिवसातली शेवटची असेल तर दोन तास ठेवावेत.